अमेरिकी स्थलांतर-कायद्यातील ‘भाऊ’ : एका आप्तसंज्ञेचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायमच्या वास्तव्यासाठी नातेवाइकाला बोलावून घ्यावयाचे झाल्यास तेथील नागरिकाला प्रथम आय-१३० या क्रमांकाचा अर्ज दाखल करावा लागतो. या अर्जाने व्हिसा मिळत नाही. अमुक व्यक्ती आपली अमुक लागते, एवढेच त्याने सिद्ध व्हावयाचे असते. अर्जाबरोबरच्या सूचनांत कोणासाठी अर्ज करता येणार नाही हेही सांगितलेले आहे. इंग्रजीत ही नकाराची यादी आठ शब्दांत आटोपते. मराठीत ती उतरवू गेल्यास आजा, आजी, नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची, काका, मामा, आत्या, मावशी, काकू, मामी, सासू, सासरा असा पसारा मांडावा लागतो. इंग्रजीच्या एकट्या ‘कझिन’साठी चुलत, मामे, आते आणि मावस यांना भाऊ व बहीण जोडून आठ शब्द योजावे लागतात ते निराळेच.

या आठही शब्दांत मराठी माणूस ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ हेच म्हणतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी. मराठीत चुलतभाऊ हाही भाऊच असतो. ‘सख्खा’ हे विशेषण लावावे लागते ते जवळिकीसाठी नव्हे, तर इतरांपासून वेगळेपणा दाखविण्याची गरज पडली म्हणून. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील आप्तसंज्ञा आणि विवाहसंबंध यांचा जो मेळ दाखविला, त्यावरून आप्तसंज्ञा ही केवळ ओळखपट्टी नसून तिच्याबरोबर कर्तव्ये, मर्यादा आणि विवाहाचे विधिनिषेधही चालत येतात हे स्पष्ट होते. अमेरिकी कायद्याच्या बाबतीतही हेच म्हणता येते. मात्र तेथे संज्ञेबरोबर चालत येतो तो देशात प्रवेशाचा हक्क. त्यामुळे तेथील ‘भाऊ’ या शब्दाचा अर्थ कुटुंबाने ठरविला नाही. त्या त्या काळी कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, या प्रश्नाने तो ठरविला. गेल्या शंभर वर्षांत हा शब्द कायद्यात आला, गेला, पुन्हा आला आणि आज तेथे आहे. पण तो काढून टाकण्याच्या सूचना १९९०नंतर वारंवार झालेल्या आहेत.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा या प्रश्नाला अस्तित्वच नव्हते. हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशाला व्हिसा लागत नसे. न्यू जर्सीतील रोझेल येथील ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, त्यांना आनंदीबाई मावशी मानीत. रक्ताचा काहीएक संबंध नसता जोडलेले हे नाते दोन्ही पक्षांनी शेवटपर्यंत पाळले. आनंदीबाईंच्या अस्थींना कार्पेंटर कुटुंबाच्या पोकिप्सी येथील दफनभूमीत जागा मिळाली. मराठीत नाते मानण्याने होते. तसे ते झाले आणि कोणत्याही अधिकाऱ्याने त्याचा पुरावा मागितला नाही.

परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झालेला होता. आप्तसंबंध हा पुराव्याचा विषय होण्यास प्रारंभ झाला तो चिनी लोकांच्या संदर्भात. बंदी मजुरांना होती, व्यापाऱ्यांना नव्हती. तेव्हा व्यापाऱ्याची बायको आणि अज्ञान मुले यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९०० साली गू लिम या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, व्यापाऱ्याला जो प्रवेश आहे तोच त्याच्या नात्याने त्यांनाही आहे. नात्याने हक्क मिळतो हे तत्त्व असे प्रस्थापित झाले. पुढे १९०६च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे आपण येथेच जन्मलो असे सांगणे अनेक चिनी रहिवाशांना शक्य झाले. अमेरिकेत जन्मलेल्याचा मुलगा म्हणून चीनमधून कोणालाही आणता येऊ लागले. अशा मुलांना ‘कागदी मुलगे’ हे नाव पडले. एका बापाचे दोन कागदी मुलगे हे साहजिकच एकमेकांचे कागदी भाऊ झाले, आणि काहींना हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवावे लागले. यावर सरकारचा उपाय म्हणजे उलटतपासणी. एंजल बेटावरील ठाण्यात १९१० ते १९४० या काळात आलेल्यांना गावातील घरे किती, दाराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कोठे, असे प्रश्न विचारीत आणि तेच प्रश्न अमेरिकेतील बापाला किंवा भावाला विचारून उत्तरे ताडून पाहत. खऱ्या भावांनाही पायऱ्यांची संख्या आठवत नसे, आणि पाठांतर केलेल्या खोट्या भावांना ती अचूक सांगता येई. नात्याचा पुरावा मागणाऱ्या सर्वच पद्धतींत ही विसंगती अंशतः राहून गेलेली आहे.

५ फेब्रुवारी १९१७च्या कायद्याने आशियाचा फार मोठा प्रदेश, त्यात हिंदुस्थानही, ‘निषिद्ध पट्टा’ म्हणून बंद केला आणि इतर आगंतुकांवर साक्षरतेची अट घातली. या अटीतून काही नातेवाइकांना सूट होती : बायको, आई, आजी, पंचावन्न वर्षांवरील बाप व आजा, आणि अविवाहित किंवा विधवा मुलगी. या यादीचा रोख उघड आहे. ज्यांच्याकडून शिकण्याची अपेक्षा नाही आणि ज्यांना मागे एकटे सोडणे लज्जास्पद, अशी ही माणसे होत. भाऊ येथे नाही, कारण धडधाकट भावाने वाचावयास शिकून यावे. आजा आणि आजी मात्र आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भाऊ प्रथम प्रकटला तो १९ मे १९२१च्या तातडीच्या कोटा-कायद्यात. देशवार कोटे ठरवून देणाऱ्या या कायद्याने कोट्याच्या आत शक्य तेवढे प्राधान्य बायका, आईबाप, भाऊ, बहिणी, अठरा वर्षांखालील मुले आणि वाग्दत्त वधू यांना द्यावे असे म्हटले. तीनच वर्षांनी, २६ मे १९२४च्या कायद्याने, ही यादी कातरली. नागरिकाची बायको आणि अठरा वर्षांखालील अविवाहित मुले कोट्याबाहेर ठेवली; आईबाप, नवरा आणि एकवीस वर्षांखालील मुले यांना कोट्यात प्राधान्य दिले; भाऊ-बहिणी वगळल्या. बायको कोट्याबाहेर आणि नवरा कोट्याच्या आत, ही तफावत आज विचित्र वाटेल. पुरुष बायकोला बोलावतो, बाई नवऱ्याला बोलावीत नाही, असा त्यामागील समज होता. तो पूर्णपणे जाण्यास १९५२ साल उजाडले. आणखी एक बदल असा की, १९२४पासून तपासणीचे केंद्र अमेरिकेच्या बंदरावरून परदेशातील वकिलातीकडे गेले आणि नागरिकाने आधी अर्ज करावयाचा, मग वकिलातीने व्हिसा द्यावयाचा, ही दोन टप्प्यांची रीत पडली. आजची आय-१३०ची पद्धत हिचीच वंशज होय.

हिंदुस्थानी लोकांना या साऱ्याचा उपयोग नव्हता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी मनुष्य नागरिकत्वास पात्र असा ‘गोरा’ नव्हे असे ठरविले. १९२४च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना स्थलांतरासही अपात्र केले. थिंद यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित (या नावाची घडण मराठी वाचकाला ओळखीची वाटेल) हे १९१४ सालीच नागरिक झालेले होते. सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला भरला, पण १९२७ साली तो अखेर पंडितांच्या बाजूने संपला. इतरांना अशी तड लावता आली नाही. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांना मायदेशातील बायका आणता येईनात. त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि इंपीरियल खोऱ्यात व आसपास पंजाबी बाप, मेक्सिकन आई अशी कुटुंबे उभी राहिली. कायद्याने एक कुटुंब नाकारले म्हणून दुसरे कुटुंब घडले, याचे इतके उघड उदाहरण विरळा.

२ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभरांचा कोटा मिळाला. नागरिक झालेल्याला आता बायको व मुले कोट्याबाहेर आणता येऊ लागली. १९५२ साली ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्यात भाऊ-बहिणी परतल्या, पण पंगतीच्या शेवटी : पहिल्या तीन वर्गांनी न वापरलेल्या जागांतील एक चतुर्थांशपर्यंत जागा त्यांना आणि नागरिकांच्या प्रौढ मुलामुलींना मिळून. भारताच्या शंभरांतून उरून उरणार किती, हे सांगावयास नको.

तथापि या कायद्याचे खरे महत्त्व शब्दार्थाच्या क्षेत्रात आहे. त्याने ‘चाइल्ड’ या शब्दाची व्याख्या केली : जी व्यक्ती अविवाहित आहे आणि एकवीस वर्षांहून लहान आहे तीच ‘चाइल्ड’. वय उलटले किंवा लग्न झाले की तीच व्यक्ती ‘सन’ किंवा ‘डॉटर’ होते आणि दुसऱ्या रांगेत जाते. सामान्य इंग्रजीत असा भेद नाही. ऐंशी वर्षांच्या मातेचा साठ वर्षांचा पुत्र हाही तिचा ‘चाइल्ड’च असतो. कायद्याने बोलीतला शब्द उचलला, त्याचा अर्थ आवळला आणि बाहेरचे रूप तसेच ठेवले. पारिभाषिक संज्ञा घडविण्याचा हा सर्वांत धोक्याचा मार्ग होय, कारण ऐकणाऱ्याला आपण नवा शब्द ऐकत आहो याची जाणीवच होत नाही. ‘पेरेंट’ची व्याख्या ‘चाइल्ड’वर बसविली आणि ‘भाऊ’ची या दोन्हींवर : ज्या दोघांना केव्हातरी एकाच माता किंवा पित्याचे ‘चाइल्ड’ म्हणता येत होते, ते भावंड. म्हणजे कायद्याला भाऊ हे नाते म्हणून दिसतच नाही. त्याला दिसतात आईबापांकडे जाणाऱ्या दोन रेषा आणि त्यांचा एक छेदनबिंदू.

या व्याख्येपुढे मराठी शब्द ठेवले असता काय होते ते पाहण्यासारखे आहे. ‘सावत्र भाऊ’ हा मराठीत एकच शब्द. बाप एक आणि आया निराळ्या, तरी सावत्र. आणि विधुराने विधवेशी लग्न केल्यावर दोघांची आधीची मुले परस्परांची कोणीच लागत नसली, तरी तीही सावत्रच. कायद्याने यांची फाळणी केली. पहिल्यांत रक्ताचे माता किंवा पिता समान असल्यामुळे अडचण सहसा येत नाही. दुसऱ्यांत मुलाचे वय अठरा होण्यापूर्वी ते लग्न लागलेले असले पाहिजे. अठरावा वाढदिवस उलटल्यावर आईने केलेल्या लग्नाने भाऊ मिळत नाही. चुलतभाऊ आईबापांपर्यंत जाऊन थांबणाऱ्या या रेषांत कोठेच येत नाही, मग तो एका चुलीवर वाढलेला असो. मामेबहिणीची गोष्ट त्याहून कुतूहलाची. आय-१३०च्या सूचनांनुसार तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. परंतु महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे आणि १९५५चा हिंदू विवाह कायदा रूढीने मान्य असलेल्या अशा विवाहाला मज्जाव करीत नाही. विवाह जेथे झाला तेथे तो वैध असल्यास अमेरिकी कायदा सामान्यतः त्याला वैध मानतो. म्हणजे यादीत जिला स्थान नाही, ती लग्नाच्या मुहूर्तावर निकटतम आप्त होऊ शकते.

दत्तकाचा प्रश्न अधिक खोल आहे. दत्तक मुलाचा समावेश अमेरिकी कायद्यात १९५७ साली झाला : दत्तविधान चौदा वर्षांच्या आत झालेले असावे ही तेव्हाची अट १९८१ साली सोळापर्यंत वाढविली गेली, आणि मुलाने दत्तक आईबापांच्या ताब्यात व घरात दोन वर्षे काढलेली असावी असेही ठरले. या अटींमागे दत्तक म्हणजे लेकराचे संगोपन ही कल्पना आहे. महाराष्ट्रातील जुन्या दत्तविधानाचे प्रयोजन निराळे होते. तेथे कुळ चालावे, पिंड मिळावा, वतन राहावे हा हेतू. म्हणूनच मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याच्या परंपरेत विवाहित आणि मुलेबाळे असलेल्या पुरुषालाही दत्तक जाता येई. १९५६च्या कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली, तरी विरुद्ध रूढी असेल तेथे तिला जागा ठेवली. रूढीने घेतलेला पंचवीस वर्षांचा दत्तक मुलगा येथे वारस होईल, श्राद्ध करील, पण अमेरिकेतील दत्तक बहिणीचा ‘भाऊ’ होणार नाही. एका बाबतीत मात्र अमेरिकी कायदा धर्मशास्त्राहूनही कठोर झाला आहे. दत्तक गेलेल्या मुलाच्या नात्याने त्याच्या जन्मदात्या आईबापांना कोणताही हक्क मिळणार नाही असे तो म्हणतो. धर्मशास्त्रात दत्तकाचे गोत्र बदलते, परंतु विवाहाच्या निषेधापुरते जन्मकुळाशी नाते टिकते; १९५६च्या कायद्यानेही हा निषेध कायम ठेवला आहे.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी ज्या कायद्यावर सही केली, त्याने भावाला अपूर्व प्रतिष्ठा दिली. देशवार वांशिक कोटे गेले. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० जागा आणि एका देशास जास्तीत जास्त २०,००० अशी मर्यादा आली. नागरिकाचे पती-पत्नी, ‘चाइल्ड’ आणि आईबाप संख्येच्या मर्यादेतून मुक्त झाले. उरलेल्यांचे सात वर्ग पडले. त्यांत शेकडा ७४ जागा नात्याला, २० व्यवसायाला आणि ६ निर्वासितांना. आणि सर्वांत मोठा वाटा, शेकडा २४, नागरिकांच्या भावाबहिणींचा. हिशेबाने ही संख्या ४०,८०० होते. या कायद्याला तेव्हा ‘भावाबहिणींचा कायदा’ असे टोपणनाव मिळाले ते यामुळे.

हे औदार्य कसे सुचले? मूळ सरकारी मसुद्यात कौशल्याला अग्रस्थान होते. प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर-उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांच्या आग्रहामुळे हा क्रम उलटा झाला. त्यामागील हिशेब त्या काळी लपविलेला नव्हता : देशात बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, तेव्हा भाऊ-बहिणी बोलावणार ते युरोपातून, वंशाचे नाव न घेता वंशाचे प्रमाण आपोआप टिकेल. इटली व ग्रीस येथील भावंडांच्या रांगा तेव्हा लांबलेल्या होत्या, त्यामुळे हा तर्क सर्वस्वी निराधार नव्हता. तो चुकला तो काळाच्या बाबतीत. पश्चिम युरोप सुबत्तेत आला आणि तेथील भावांना अमेरिकेची निकड राहिली नाही. उलट व्यवसायासाठी राखलेल्या तिसऱ्या वर्गातून भारतातील डॉक्टर आणि अभियंते येऊ लागले, पाच वर्षांनी नागरिक झाले, आणि पाचव्या वर्गात भावांचे अर्ज भरू लागले. भारतात जन्मलेल्यांची अमेरिकेतील संख्या १९६० साली सुमारे १२,००० होती. १९८० साली ती दोन लाखांवर गेली. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ आणि १९८१ साली उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, ही याच प्रवाहाची मराठी बाजू होय. ज्या शब्दाने आशियाला बाहेर ठेवावयाचे होते, त्याच शब्दाने आशिया आत आला. कायदेकारांनी ‘भाऊ’चा अर्थ आपल्या भावांपुरता धरला होता, शब्द मात्र सर्वांना सारखाच लागू झाला.

तेव्हापासून हा वर्ग डोळ्यांत सलत राहिला. २९ नोव्हेंबर १९९०च्या कायद्याने तो चौथा वर्ग म्हणून ठेवला आणि त्याच्या जागा वर्षाला ६५,००० ठरविल्या. एका देशाला शेकडा सातांची मर्यादा घातली. १९९५ साली बार्बारा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हा वर्ग रद्द करण्याची शिफारस केली. २०१३ साली सिनेटने संमत केलेल्या विधेयकात तो रद्द केलेला होता; प्रतिनिधिगृहाने ते विधेयक घेतले नाही. २०१७ सालीही तशीच सूचना आली आणि मागे पडली. विरोधकांचे म्हणणे असे की, भाऊ हा नागरिकाच्या कुटुंबाचा घटक नव्हे, त्याचे कुटुंब स्वतंत्र आहे. पती, पत्नी आणि लहान मुले एवढेच कुटुंब मानले, तर हे बरोबर आहे. पण मग आईबाप तरी निकटतम कसे? वृद्ध आईबापांना सांभाळण्याचे काम दोन भावंडांनी वाटून घ्यावयाचे असते, ही गोष्ट या युक्तिवादात हिशेबात घेतलेली नाही.

वस्तुतः वर्ग रद्द करण्याची तितकी निकडही नाही. रांगेने तो अर्धामुर्धा रद्द केलाच आहे. २०२५ साली भारतातील भावाबहिणींच्या ज्या अर्जांवर व्हिसा निघत होते, ते २००६ साली दाखल झालेले होते. मेक्सिकोची रांग याहूनही मागे होती. एकोणीस वर्षांचा हा काळ व्याख्येतील वयाशी कसा भिडतो ते एका उदाहरणाने पाहावे. समजा, २००६ साली एका नागरिक बहिणीने नागपूरच्या भावासाठी अर्ज केला आणि त्या वेळी भावाची मुलगी सहा वर्षांची होती. भाऊ, वहिनी आणि मुलगी तिघेही एकाच अर्जावर जाऊ शकतात, मात्र मुलगी ‘चाइल्ड’ असली पाहिजे. पाळी आली तेव्हा ती पंचवीस वर्षांची. ६ ऑगस्ट २००२च्या कायद्याने येथे थोडी सवलत ठेवली : अर्ज मंजुरीवाचून जितका काळ पडून राहिला, तितका वयातून वजा करावा. अर्ज वर्षभरात मंजूर झाला असल्यास मुलगी चोवीस वर्षांची ठरते आणि मागे राहते. तो पाच वर्षे धूळ खात पडला असल्यास ती वीस वर्षांची ठरते आणि जाते. तत्पर कचेरीने घर फोडावे आणि सुस्त कचेरीने ते राखावे, असा हा हिशेब आहे. अशा वय उलटलेल्या मुलांना निदान बापाच्या अर्जाची जुनी तारीख तरी मिळावी, ही मागणी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अमान्य केली.

आईबापांच्या बाबतीत रांग नाही, पण तेथेही व्याख्येचा काटा आहे. त्यांच्या अर्जावर दुसरे कोणी जाऊ शकत नाही. नागरिक मुलीने बोलावलेले आईबाप काही महिन्यांत वा वर्षा-दोन वर्षांत निघू शकतात. पण घरात सोळा वर्षांचे शेंडेफळ असेल तर ते मागे राहते, आणि आईबापांनी तेथे पोहोचून त्याच्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. १९९६ साली यात आर्थिक जबाबदारीची भर पडली. बोलावणाऱ्याने आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे असे दाखवून न्यायालयात अंमलात आणता येईल असे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. मराठीत ‘पोसणे’ हे नात्यातच गृहीत असते. येथे त्याचा करार झाला.

आजा-आजींना १९१७ साली सूट होती, हे वर सांगितले. त्यानंतर ते स्थलांतर-कायद्यातून जवळजवळ नाहीसे झाले आणि बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा दिसले. २०१७ साली सहा देशांतील लोकांवर प्रवेशबंदी घातली गेली, तेव्हा अमेरिकेत निकटचा नातेवाईक असलेल्यांना ती लागू करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निकटचा म्हणजे कोण, याची सरकारने केलेली यादी आजा-आजींशिवाय होती. हवाई येथील संघीय न्यायालयाने जुलै महिन्यात त्यांना आत घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो भाग तसाच राहू दिला. ही बाब त्या बंदीपुरतीच होती. आय-१३०च्या सूचनांत आजी अजूनही नकाराच्या यादीत आहे.

भारतातील अशा व्हिसांच्या मुलाखती मुख्यत्वे मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत होतात. ही वकिलात २०११ साली ब्रीच कँडीवरून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मराठी भावंडांची अडचण येथे नात्याहून नावात अधिक असते. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव ही मराठी नावाची तीनपदरी घडण भावांना उपकारक आहे, कारण मधल्या पदात समान बाप उभा असतो. बहिणीच्या बाबतीत लग्नानंतर मधले पद आणि शेवटचे पद दोन्ही बदलतात. जुन्या पिढीत तर पहिलेही, कारण तांदळांत लिहिलेले नवे नाव पुढे शिधापत्रिकेपासून सर्वत्र चढे. त्यामुळे एकाच बाईची माहेरची आणि सासरची अशी दोन नावे होतात, ज्यांत एकही शब्द समान नसतो. हीच बाई आई असेल तर थोरल्याच्या कागदावर तिचे घरगुती नाव, धाकट्याच्या कागदावर सासरचे, आणि अनेक जुन्या दाखल्यांवर कोणतेच नाही. १९७०पूर्वी जन्मलेल्यांपैकी अनेकांची जन्मनोंदच नसते. मग शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे जोडतात. शाळेतील जन्मतारीख ही पुष्कळदा मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने १ जून अशी घातलेली असते, आणि त्यामुळे दोन भावांत सहा महिन्यांचे अंतर निघाल्याचा चमत्कार घडू शकतो. एंजल बेटावरील पायऱ्यांच्या प्रश्नाची जागा आता जनुकीय चाचणीने घेतली आहे. कागद अपुरे वाटल्यास अधिकारी ती सुचवितात. अशा वेळी रक्त स्वतःच साक्ष देते, पण केवळ रक्ताचीच. दत्तकाला किंवा सावत्राला तिचा उपयोग नाही.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम अनिवार्य केला आहे. भावंडासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाचे वय किमान एकवीस लागते. तेव्हा या नव्या नावांचे पहिले भाऊ-बहीण वकिलातीच्या दप्तरी येतील ते, हा वर्ग तोवर राहिला तर, २०४५नंतर.